शिकाऱ्यांची टिपणं, गळवाल्यांचे फोटो आणि आपली बेसलाइन

पीएचडीचं रजिस्ट्रेशन झालं की पहिल्या काही महिन्यांत एक प्रश्न हमखास समोर येतो: तुमची बेसलाइन काय? म्हणजे, तुम्ही म्हणताय की बदल झाला. ठीक आहे, पण बदल व्हायच्या आधी तिथे काय होतं?

बोईसर-तारापूर भागात काम करणाऱ्याला हा प्रश्न जरा जास्तच टोचतो. तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झालं. एमआयडीसी आली, रासायनिक कारखाने आले, खाड्यांच्या तोंडाशी वस्ती वाढली. आज कुणी खाडीत जाळं टाकून माशांची यादी केली, तर ती आजची यादी झाली. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीची यादी कुठून आणायची? तेव्हा इथे दर महिन्याला नमुने घेणारी प्रयोगशाळा नव्हती आणि पर्यावरण अहवाल नावाचा प्रकारही नव्हता.

मग तेव्हा निसर्गाबद्दल लिहून कोण ठेवत होतं? उत्तर थोडं अडचणीचं आहे: बऱ्याच अंशी शिकारी, आणि हौस म्हणून गळ टाकणारे लोक. त्यांनी मासिकांना पत्रं पाठवली, फोटो पाठवले, "मी अमुक ठिकाणी अमुक मारलं" असं लिहिलं. आजची पोस्ट या टपालाच्या इतिहासावर आहे. फुशारकीची पत्रं पुरावा कशी झाली, त्यात संपादकाचा हात किती, आणि कुणाची पत्रं कधी आलीच नाहीत, एवढं बघू. संशोधनाची तयारी करत असाल तर हे उपयोगी पडेल, कारण असल्या साधनांशी कधी ना कधी गाठ पडतेच.

टोपणनावांचं मासिक

मुंबईत १८२८ ते १८३३ या काळात 'ओरिएंटल स्पोर्टिंग मॅगझिन' नावाचं मासिक निघत होतं. वाचक आणि लेखक एकच: कंपनी सरकारचे लष्करी आणि मुलकी अधिकारी. घोड्यावरून भाल्याने रानडुक्कर मारणं हा त्यांचा लाडका खेळ, आणि दख्खनचा पठारी मुलूख त्यासाठी सोयीचा. लेखक बहुतेक टोपणनावाने लिहायचे. मजकुरात घोड्यांचं कौतुक, पडझडीचे किस्से आणि मित्रांची थट्टा असायची.

वाचायला मजा येते, पण संशोधक म्हणून हातात फार काही लागत नाही. लिहिणारा कोण ते कळत नाही. जागा ढोबळ, तारीख असली तर असली. प्राण्याचं वर्णन "मोठा थोरला" एवढ्यावर भागवलेलं. लेखकाला वाचकाकडून शाबासकी हवी होती आणि संपादकाला पानं भरायची होती. दोघांचंही काम होत होतं, त्यामुळे आणखी काही मागायची कुणाला गरज वाटली नाही.

वाइनच्या दुकानातलं टपाल

पुढचा टप्पा पन्नास वर्षांनी आला. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ जण जमले आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी काढली. आपण तिला बीएनएचएस म्हणतो. या आठांत दोन मराठी डॉक्टर होते हे आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही. एक डॉ. आत्माराम पांडुरंग, प्रार्थना समाजाचे संस्थापक. दुसरे डॉ. सखाराम अर्जुन, वनस्पती आणि औषधींचे जाणकार, आणि रखमाबाईंचे सावत्र वडील. बाकीचे सहा युरोपीय.

सुरुवातीला सदस्य महिन्यातून एकदा भेटायचे, आपापल्या नोंदी सांगायचे, आणलेले नमुने दाखवायचे. नमुने वाढले तशी जागेची अडचण झाली. १८८४ मध्ये एच. एम. फिप्सन या वाइन व्यापाऱ्याने आपल्या दुकानातली एक खोली देऊ केली. म्हणजे भारतातल्या एका फार महत्त्वाच्या निसर्गसंस्थेचं कपाट सुरुवातीला दारूच्या बाटल्यांच्या शेजारी होतं!

जानेवारी १८८६ मध्ये संस्थेचं नियतकालिक सुरू झालं. पहिले संपादक दोन: आर. ए. स्टर्नडेल आणि ई. एच. एटकेन. स्टर्नडेल स्वतः शिकारी, आणि भारतातल्या सस्तन प्राण्यांवर त्यांनी १८८४ मध्ये पुस्तक लिहिलेलं. एटकेन म्हणजे 'ईएचए' या आद्याक्षरांनी प्रसिद्ध असलेले विनोदी लेखक. जन्म साताऱ्याचा, नोकरी कस्टम आणि मीठ खात्यात, त्यामुळे कोकणकिनारा पायाखालचा.

या नियतकालिकात मोठ्या लेखांशिवाय शेवटी 'किरकोळ टिपणं' असा विभाग असायचा. आपल्यासाठी खरा खजिना तो. कुठल्यातरी जिल्ह्यातला अधिकारी, चहामळ्याचा मॅनेजर, रेल्वेचा इंजिनिअर, वनखात्याचा माणूस, यांनी पाठवलेली अर्ध्या-एक पानाची पत्रं. विषय म्हणाल तर बिबट्याने काय खाल्लं, अमुक पक्षी नेहमीच्या मुलखाबाहेर कसा दिसला, नदीत केवढा मासा मिळाला.

लिहिणारे लोक साधारण त्याच वर्गातले होते. बंदूक तीच, साहेबी तीच. फरक पडला तो टपाल घेणाऱ्या बाजूला. पत्र छापून यायचं तर खाली स्वतःचं नाव, वर ठिकाण आणि तारीख लागायची. प्राणी नर की मादी, लांबी किती, वजन किती, कातडं किंवा कवटी ठेवली आहे का, हे सगळं महत्त्वाचं ठरायला लागलं. ओळख शंकास्पद असेल तर नमुना मुंबईला पाठवायचा. पाठवणाऱ्याला नाव छापून आल्याचा आनंद मिळायचा, आणि त्या आनंदाच्या बदल्यात संस्थेला माहिती मिळायची.

मला हा सौदा फार महत्त्वाचा वाटतो. शिकाऱ्याचा हेतू काही शुद्ध वैज्ञानिक झाला नाही. त्याला कौतुकच हवं होतं. पण कौतुकाची अट बदलली, आणि अट बदलल्यावर लिखाण बदललं.

वाघ मोजायचा कसा?

मोजमापाचंच उदाहरण घेऊ. जुन्या शिकार-साहित्यात दहा फुटी, अकरा फुटी वाघांची रेलचेल आहे. आता वाघ मोजायच्या दोन पद्धती होत्या. एक, मेलेला वाघ सरळ आडवा ठेवायचा, नाकाच्या टोकाशी एक खुंटी ठोकायची, शेपटीच्या टोकाशी दुसरी, आणि दोन खुंट्यांमधलं सरळ अंतर घ्यायचं. दुसरी, टेप अंगाला लावून डोकं, पाठ, शेपूट अशा वळणांवरून फिरवत न्यायचा.

एकच वाघ, पण दुसऱ्या पद्धतीने तो काही इंच लांब भरतो. टेप किती दाबून धरला, मोजणारा किती उत्साही होता, यावर ते इंच आणखी वाढतात. आणि कातडं सोलून ताणल्यावर मोजलं तर विचारूच नका. या दोन पद्धतींवरून शिकाऱ्यांमध्ये कित्येक दशकं वाद चालला. शेवटी जाणकार लोक लांबीच्या आकड्यासोबत "खुंट्यांमधलं" की "वळणावरून" हे लिहायला लागले.

आपण याला आज प्रोटोकॉल म्हणतो. मेथड्सच्या प्रकरणात "एकूण लांबी की स्टँडर्ड लांबी" हे लिहिताना कंटाळा येतो ना? माशाची एकूण लांबी शेपटीच्या टोकापर्यंत आणि स्टँडर्ड लांबी शेपटीच्या बुडापर्यंत. ते लिहिलं नाही तर शंभर वर्षांनी तुमचा आकडा वापरणारा तुम्हालाही त्या उत्साही वाघमाऱ्यांच्या रांगेत बसवेल.

बंदुकीपासून वहीपर्यंत

शिकारी आणि निरीक्षक एकाच माणसात कसे असतात, याचं आपल्या ओळखीचं उदाहरण म्हणजे सालिम अली. लहानपणी त्यांना एअरगनचा नाद होता. त्यांनी मारलेली एक चिमणी वेगळी दिसली, गळ्यावर पिवळा ठिपका. मामांनी चिठ्ठी देऊन १९०८ मध्ये बीएनएचएसमध्ये पाठवलं. तिथे सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी ती पीतकंठी चिमणी असल्याचं सांगितलं आणि मुलाला कपाटं उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवले. ही गोष्ट शाळेच्या पुस्तकांतही असते.

त्याआधीची, १९०६-०७ च्या सुमाराची एक नोंद त्यामानाने कमी सांगितली जाते. घरच्या तबेल्यात चिमणीचं घरटं होतं. मादी आत, नर बाहेर पहाऱ्याला. मुलाने नर मारला. थोड्या वेळाने मादीपाशी दुसरा नर आला. तोही मारला. सात दिवसांत असे आठ नर मारले, आणि दर वेळी जागा भरली गेली. मुलाने हे वहीत लिहून ठेवलं. कित्येक दशकांनी ती नोंद छापली गेली, कारण विणीच्या हंगामात जोडी न मिळालेले नर किती तयार असतात, याबद्दल ती काहीतरी सांगते.

आज असा प्रयोग कुठलीही एथिक्स कमिटी पास करणार नाही, आणि करूही नये. पण नोंद आहे. तिचं काय करायचं? हा प्रश्न पुढे फार मोठ्या रूपात येतो. त्याआधी कॅमेऱ्याकडे वळू, कारण मासिकांच्या टपालात पत्रांसोबत फोटोही येऊ लागले होते.

फोटो आला, पण कशाचा?

सुरुवातीचे बहुतेक फोटो एकाच छापाचे: मेलेला प्राणी पुढे, बंदूकवाला मागे, कधी पाय प्राण्यावर. कडेला चार-पाच हाकेवाले, ज्यांची नावं फोटोखाली नसतात.

याला छेद दिला एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने. संयुक्त प्रांतात, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेश-उत्तराखंडात, त्याने जंगलातल्या पायवाटेवर तार लावून कॅमेरा आणि फ्लॅश बसवले. वाघाचा पाय तारेला लागला की फोटो. १९२५ मध्ये लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात त्याचे फोटो झळकले आणि १९२७ मध्ये पुस्तक आलं. जिवंत, मोकळ्या वाघाचे असे फोटो तोपर्यंत लोकांनी पाहिले नव्हते. पट्ट्यांवरून एक वाघ दुसऱ्यापासून वेगळा ओळखता येतो, हेही त्याच्या लक्षात आलं होतं.

याच कल्पनेला संख्याशास्त्राची जोड देऊन उल्हास कारंथ यांनी नागरहोळेत कॅमेरा-ट्रॅपने वाघांची संख्या काढली. तो पेपर १९९५ चा. मधे सुमारे सत्तर वर्षं गेली. फोटो तोच, पण त्याला विचारलेला प्रश्न नवा.

१९४८: छापायचं की टोपलीत टाकायचं?

आता या सगळ्या टपालातलं सगळ्यात अवघड पाकीट. १९४७ मध्ये कोरिया संस्थानच्या (आजचं छत्तीसगड) महाराजांनी रात्री गाडीतून जाताना तीन चित्ते मारले. तिन्ही नर. त्यांची नोंद, फोटोसकट, बीएनएचएसच्या नियतकालिकाकडे आली. चित्ता तोपर्यंत भारतात जवळजवळ दिसेनासा झाला होता, हे संपादकांना माहीत होतं.

१९४८ च्या अंकात ती नोंद छापून आली, आणि सोबत संपादकांची टिप्पणी. तिचा आशय असा: हा प्रकार वाचून आम्हाला इतकी किळस आली की हे कागद कचऱ्याच्या टोपलीत टाकावेत असंच आधी वाटलं. आम्ही हे छापतोय ते मारणाऱ्याला प्रसिद्धी देण्यासाठी नाही, त्याच्यावरचं आरोपपत्र म्हणून.

जरा थांबून विचार करा. संपादकांसमोर दोन रस्ते होते. टोपलीत टाकलं असतं तर मन हलकं झालं असतं, मासिक स्वच्छ राहिलं असतं. नुसतं छापलं असतं तर नेहमीच्या शिकारनोंदींत आणखी एक भर. त्यांनी तिसरा रस्ता घेतला: तपशील जपला आणि त्याचा मानही काढून घेतला.

पुढे काय झालं? १९५२ मध्ये चित्ता भारतातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. भारतातल्या रानटी चित्त्याचा शेवटचा खात्रीचा पुरावा म्हणून आजही त्या तिघांचाच उल्लेख होतो. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आणलेले चित्ते कुनोमध्ये सोडले, तेव्हा प्रत्येक बातमीत १९४७ हे साल होतं. ते कागद टोपलीत गेले असते तर एका प्रजातीच्या शेवटाची तारीख आपल्याकडे इतकी ठसठशीत राहिली नसती.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. "शेवटी विज्ञानाला फायदा झाला" असं म्हणून ती शिकार क्षम्य ठरत नाही. पुरावा म्हणून नोंदीची किंमत वेगळी आणि कृत्याची किंमत वेगळी. दोन्ही वेगवेगळ्या तागड्यांत तोलायला शिकणं, हे आपल्या प्रशिक्षणाचा भाग असायला हवं. प्रबंधात असली साधनं वापरताना ती कुठून आली हे लपवू नका आणि त्यांना मुलामाही देऊ नका.

कायद्यानेही हळूहळू हेच वळण घेतलं. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हा त्यात शिकारीच्या परवान्यांची तरतूद शिल्लक होती, ती १९९१ च्या दुरुस्तीने गेली. बीएनएचएसने सर्वसामान्य वाचकांसाठी १९७६ मध्ये 'हॉर्नबिल' हे नियतकालिक काढलं तोवर शिकारकथा छापायचे दिवस संपत आले होते.

गळवाल्यांच्या वह्या

मासेमारीची बाजू मात्र तशी बंद झाली नाही. गळाने मासे पकडणाऱ्यांचं हौशी लिखाण आपल्याकडे भरपूर आहे, आणि त्याचा नायक ठरलेला: महसीर. सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञाने १९३७ पासून बीएनएचएसच्या नियतकालिकात भारतातल्या 'गेम फिश'वर लेखमाला लिहिली. प्रयोगशाळेतला माणूस आणि नदीवरचा हौशी माणूस एकाच अंकात एकमेकांना वाचत होते.

याचं फळ आपल्या काळात दिसलं. कावेरी नदीतला कुबड्या महसीर हा जगभरच्या गळवाल्यांचा आवडता मासा, पण शास्त्रीय नाव पक्कं नव्हतं. २०१५ मध्ये एका संशोधक गटाने कावेरीवरच्या गळ-शिबिरातल्या पकडीच्या वह्या तपासल्या. कोणत्या दिवशी, किती तास, किती मासे, किती वजनाचे. पकडून परत सोडलेल्या माशांच्या या नोंदींवरून दिसलं की कुबड्या महसीर झपाट्याने कमी होतोय आणि बाहेरून आणून सोडलेला दुसरा महसीर वाढतोय. २०१८ मध्ये त्याची ओळख टॉर रेमादेवी अशी निश्चित झाली आणि तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला. वह्या ठेवणाऱ्यांनी हे डोळ्यांपुढे ठेवून लिहिलं नव्हतं. पण त्यांनी "किती तास" लिहिलं होतं! त्या एका रकान्यामुळे पकड आणि प्रयत्न यांचं गुणोत्तर काढता आलं. रिकाम्या हाताने परतलेला दिवसही लिहिलेला असला की वहीचं मोल दुप्पट होतं.

फोटोंचं असंच एक काम अमेरिकेतलं. फ्लोरिडातल्या की वेस्ट बंदरावर पर्यटकांना बोटीतून मासेमारीला नेतात. परत आल्यावर मासे एका फळीला टांगायचे, पुढे उभं राहून फोटो काढायचा. लॉरेन मॅक्लेनाहन या संशोधिकेने १९५६ ते २००७ मधले असे फोटो जमवून माशांचे आकार मोजले. फळीची मापं माहीत, त्यावरून मासा किती ते काढता येतं. टांगलेल्या माशाचं सरासरी वजन १९.९ किलोवरून २.३ किलोवर आलं होतं. आणि फोटोतल्या माणसांचं हसू? ते पन्नास वर्षं तेवढंच रुंद. डॅनिएल पॉली यांनी १९९५ मध्ये ज्याला सरकती आधाररेषा म्हटलं ते हेच. प्रत्येक पिढीला आपल्या लहानपणीचा समुद्र हाच मूळ समुद्र वाटतो.

ज्यांना कुणी विचारलंच नाही

आता आपल्या भागाकडे या. वर सांगितलेल्या सगळ्या टपालात पालघरचा वारली कुठे आहे? सातपाटीचा, मुरब्याचा, नवापूर-दांडीचा कोळी-मांगेला कुठे आहे?

आहेत, पण हाकेवाले, वाटाडे, होडीवाले म्हणून. वाघ कुठल्या ओढ्याला पाणी पितो हे त्यांनी दाखवलं, लेख साहेबाच्या नावाने गेला. लिहिणारा इंग्रजीत लिहीत होता, मासिक वर्गणीचं होतं, आणि "पुरावा" म्हणजे काय याचा निर्णय मुंबईतल्या खोलीत होत होता. एक साधी तपासणी करून बघा: जुन्या टिपणात "एक स्थानिक शिकारी म्हणाला" असं वाक्य आलं की पुढची माहिती बहुतेक वेळा त्या टिपणातली सगळ्यात चांगली माहिती असते, आणि नाव मात्र नसतं.

पण लिहिलं गेलं नाही म्हणजे माहिती नव्हती असं नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर या भागातल्या वाघोबाच्या दीडशेहून जास्त ठाण्यांची नोंद झाली. कोरलेली लाकडं, दगड, वाघबारशीची पूजा. इथे वाघ आता नाहीत, बिबटे आहेत, आणि वाघोबा दोघांचाही. माणूस आणि मोठं मांजर एकाच जागेत कसं राहिलं याची ही नोंदच आहे, फक्त ती कागदावर नाही.

समुद्राचंही तसंच. आपल्याकडे बोटीचा तांडेल घोळ, दाढा, रावस, पापलेट यांच्या जागा, हंगाम, भरती-ओहोटी तोंडपाठ सांगतो. ऑगस्ट २०२१ च्या शेवटी मुरब्याच्या एका बोटीला दीडशेहून जास्त घोळ मिळाले आणि लिलावात कोटीच्या वर रक्कम आली. बातमी देशभर गाजली. बातम्यांत रुपये ठळक होते. माशांची लांबी, नर-माद्यांचं प्रमाण, जाळं किती खोलीवर होतं, हे त्या बातम्यांत शोधून बघा.

म्हणजे १८२८ चं मासिक आणि आजची व्हायरल बातमी यांच्यात फार अंतर नाही. दोन्हीकडे चमत्कार आहे. कमी आहे ती "ठिकाण, तारीख, माप" मागणाऱ्या माणसाची.

असा मागणारा असला की काय होतं, याचंही उदाहरण आपल्याच किनाऱ्यावर आहे. डिसेंबर २०१८ पासून राज्यात एक योजना आहे: जाळ्यात कासव, व्हेल शार्क, डॉल्फिन असा संरक्षित प्राणी अडकला आणि मच्छीमाराने जाळं कापून तो सोडला, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. पुरावा म्हणून मच्छीमार फोटो किंवा व्हिडिओ देतो. बघा, सौदा तोच आहे, पण तीन गोष्टी पालटल्या. प्राणी जिवंत सुटतो, नोंद कोळ्याच्या नावावर होते, आणि मोबदल्यात कौतुकासोबत जाळ्याची किंमतही मिळते. केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्था १९७८ पासून बंदरांवरच्या अनोख्या पकडींची छोटी टिपणं छापत आली आहे. ही दोन साधनं शेजारी ठेवून कुणीतरी काम करायला हवं.

पालघरवाल्यांसाठी: शोधायचं कुठे, वाचायचं कसं

बीएनएचएसच्या नियतकालिकाचे जुने खंड बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीवर मोफत वाचता येतात. फक्त "पालघर" टाकून शोधलंत तर निराश व्हाल, कारण जिल्हा १ ऑगस्ट २०१४ चा आहे. त्याआधी सगळं ठाणे जिल्ह्यात. आजच्या पालघर तालुक्याचं ब्रिटिश काळातलं नाव माहीम, म्हणजे केळवे-माहीम. ते मुंबईतल्या माहीमशी गल्लत करतं, म्हणून शेजारची गावं तपासा. वसईला बॅसीन शोधा. जव्हार १९४८ पर्यंत संस्थान होतं, त्यामुळे तिथली नोंद ठाण्याखाली सापडेलच असं नाही. १८८२ चं ठाणे गॅझेटियरही जोडीला ठेवा, त्यात रानटी प्राणी आणि माशांवर मजकूर आहे.

टिपण हातात आलं की मी हे प्रश्न विचारते:

१. तारीख आणि ठिकाण किती नेमकं आहे? "ठाण्याचं जंगल" आणि "अमुक गावाजवळची खाडी" यांचं वजन सारखं नाही.

२. माप कशाने, कोणत्या पद्धतीने घेतलं?

३. लिहिणाऱ्याला यातून काय मिळणार होतं? जे मोठं, दुर्मीळ, धोकादायक, तेच लिहिलं जातं. बोंबील कुणी फोटोसाठी टांगत नाही.

४. न मिळाल्याच्या नोंदी आहेत का? नसतील तर त्या टिपणांवरून संख्या काढू नका. "होता" एवढंच सिद्ध करता येईल, "किती होता" हे नाही.

५. फोटोत आणखी कोण उभं आहे? त्यांच्या गावात आज कुणाला विचारता येईल?

पाचवा प्रश्न सोडू नका. जुनं टिपण घेऊन गावात जा, वाचून दाखवा, आणि बोलणाऱ्याची परवानगी घेऊन त्याच्या नावासकट लिहून घ्या. त्याला नाव नको असेल तर तेही पाळा. आणि घरोघरी कपाटांत, पतपेढीच्या, सोसायटीच्या भिंतीवर बोटींचे आणि पकडीचे जुने फोटो असतात. फोटोत बोटीची फळी, टोपली, माणसाचा हात असं काहीही मोजता येण्यासारखं असेल तर ते की वेस्टच्या फळीइतकंच कामाचं आहे. सातपाटीचे पन्नास वर्षांतले पापलेट असे कुणी मोजले तर एक चांगला पेपर होईल, आणि पापलेटला २०२३ मध्ये राज्यमासा म्हणून जाहीर केलंय त्या निर्णयाच्या मागे आकडे उभे राहतील.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी असे फोटो असतील तर काढून आधी पाठीमागे बघा. तारीख लिहिलेली नसेल, तर आजीला विचारून आजच पेन्सिलने लिहून ठेवा.